माघातला निरोप

पोंभुर्णा,
१४ जून १९५७

प्रिय वच्छी,

एवढं जाड पाकीट पाहून तू आधी घाबरशील. घाबरू नको, इकडे सगळे बरे आहेत. आमचे हे, तुझे भासरे, धानाच्या बांध्या नीट करण्यात गुंतले आहेत. सासूबाईंचा गुडघा दुखतो, पण मोहफुलं वेचायला त्या यंदाही सगळ्यांच्या आधी निघायच्या. चैत्रात मुखरूभाऊजींचं कार्ड आलं, तुला मुलगा झाला, दोघंही सुखरूप. मी अंगडं-टोपडं धाडलं आणि सोबत दोन ओळी लिहिल्या. बाळाला आशीर्वाद, तू तब्येत सांभाळ. सख्ख्या बहिणीनं, जावेनं, एवढंच लिहावं? बाबांनी आपल्याला सातवीपर्यंत शिकवलं ते काही एवढ्यासाठी नव्हे.

खरं सांगते, ते कार्ड वाचून मला आनंद झाला नाही. तुझ्याबद्दलचा हेवा माझ्या मनात आजचा नाही. दोघी बहिणी दोघा भावांना दिल्या तेव्हा सगळं गाव म्हणालं, किती छान झालं. मलाही छान वाटलं होतं. पण तू आलीस तोवर माझी दोन लेकरं गेली होती. पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. दुसऱ्याला दूध ओढताच येईना, तो पाचव्या दिवशी गेला. तिसऱ्याच्या वेळी सासूबाईंनी पोटात असतानाच नाव ठरवलं, झाडू. असं नाव असलं की मरणाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही म्हणे. सोमारी दाईनं दोन दिवस माझ्याजवळ बसून त्याला जगात आणलं. तीन आठवड्यांनी तीच सोमारी त्याच खोलीत तुझ्यासाठी आली, आणि सकाळचं पाणी तापायच्या आत तू मोकळी झालीस. मी शेजारच्या खोलीत होते. तुझ्या रुखमाचं खणखणीत रडणं ऐकलं, सासूबाईंचं हसणं ऐकलं. माझ्या मांडीवर माझं लेकरू जिवंत होतं, तरी तुझं सगळं इतकं सोपं कसं, याचाच मला राग आला.

त्या वर्षीचा पोळा आठवतो? दोघंही सहा-सहा महिन्यांची. बैलांपुढे ढोल वाजला आणि रुखमा दचकून अशी रडली की तुला तिला घेऊन घरात पळावं लागलं. झाडू माझ्या खांद्यावर शांत झोपून होता. मी सगळ्या बायांत मोठ्यानं म्हणाले, “माहा पोरगा वाघ आहे. वच्छीची पोरगी भेकड.” तू हसलीस. ते वाक्य मी पुढे वर्षभर मिरवलं.

मग रुखमा बोलायला लागली. दहाव्या महिन्यात ‘बा’, मग ‘माय’, मग मला ‘मोटी माय’. तिच्या तोंडून ‘मोटी माय’ ऐकलं की अंगणातल्या बाया कौतुक करायच्या आणि मी आत जाऊन उगाच भांडी घासायची. झाडू बोलत नव्हता. मुलं उशिरा बोलतात, याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले, असं मी न विचारता सांगत सुटायची. आणि झाडू तुझ्या रुखमाचंच ऐकायचा. मी दहा हाका मारल्या तरी वळायचा नाही. ती जमिनीवर धपकन पाय आपटायची की लगेच वळून हसायचा. मला वाटायचं, हाही तिच्याकडे गेला. दोन वर्षांच्या पोरीचा मी हेवा केला, वच्छी. एकदा तर तिचा हात धरून तिला बाजूला ढकललं.

रुखमानं पाय आपटल्यावर तो का वळतो, ते तुला कळलं होतं. तू बहुतेक बरेच महिने गप्प राहिली असशील. त्या वैशाखात आपण दोघी अंगणात चारोळी फोडत होतो तेव्हा तू मान खाली घालूनच विचारलंस, “बाई, झाडूले आयकू येते का वं?”

मी काय केलं ते तुला माहीत आहे, तरी माझ्या हातानं लिहिते. मी सूप उलटं केलं. म्हणाले, “माहे दोन खाऊन तुहं मन नाई भरलं का? आता तिसऱ्याले नजर लावून राह्यली?” ती दोन गेली तेव्हा तर तू या घरात आलीही नव्हतीस. तू पांढरीफटक पडलीस. मी सासूबाईंपुढे, भाऊजींपुढे तेच बोलले. दुसऱ्या दिवशी तुझी चूल वेगळी मांडली. महिनाभरात भाऊजींनी मोहर्लीच्या जंगल नाक्यावर नोकरी धरली आणि तुम्ही गेलात. लोकांना मी सांगितलं, नोकरीसाठी गेले. तूही तसंच सांगितलंस म्हणे. माझी अब्रू तू राखलीस, त्याचाही मला रागच आला.

आता या माघातलं ऐक. सडकेवर झाडू काड्या रचून खेळत होता. मागून लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, बाया ओरडत होत्या, आणि हा मान खाली घालून काडीवर काडी ठेवत होता. म्हाताऱ्या पोचू गाडीवानानं उडी घालून त्याला ओढलं. पोचूचं कोपर फुटलं. तो रागानं मला म्हणाला, “पोराले आयकूच येत नाई बाई! तुले दिसत नाई का?” दोन वर्षांपूर्वी तू जे हळू आवाजात विचारलं होतंस, तेच सगळ्या सडकेसमोर ऐकावं लागलं.

दोन दिवसांनी आम्ही त्याला चांद्याला नेलं. नागपूरचे कानाचे डॉक्टर दवाखान्यात आले होते. त्यांनी त्याच्या पाठीमागे घंटी वाजवली, डबा बडवला. मग लोखंडाचा एक चिमटा ठोकून त्याच्या कपाळाला लावला, तेव्हा मात्र त्यानं डोळे मोठे केले. थरथर त्याला कळते, आवाज कळत नाही. डॉक्टर म्हणाले, जन्मापासूनच असणार. मी विचारलं, नजर लागून होतं का? ते म्हणाले, “नजरेचा काही संबंध नाही. पण बाई, चार वर्षं गेली. पहिल्या वर्षातच आणला असता तर बरं झालं असतं.” तेव्हा मला तुझी खाली घातलेली मान दिसली.

त्यांनी सांगितलं तसं मी करते. उजेडात त्याला समोर बसवते, माझं तोंड त्याला दिसेल असं, आणि सावकाश बोलते. नागपूरला अशा मुलांची शाळा आहे, सहाव्या वर्षी घेतात. चार महिने मी एकटीच बोलत बसले. परवा कांडताना गाणं म्हणत होते, तर हा आला आणि माझ्या गळ्यावर तळहात ठेवून उभा राहिला. मग तोच हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. तिथे काही नव्हतं. पुन्हा माझ्या गळ्यावर, पुन्हा स्वतःच्या. मग घशातून एक आवाज काढला, वासरासारखा, आणि हाताखाली काहीतरी हललं म्हणून इतका हसला! हे त्याला दोन वर्षांचा असतानाच सापडलं असतं. मी सूप उलटं केलं नसतं तर.

म्हणून आज लिहायला बसले. त्या दिवशी चांद्याला डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं. घरात दुसरं लहान मूल आहे का? मी सांगितलं, आम्ही दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या, बहिणीची मुलगी चांगली बोलते, आता बहिणीला सातवा महिना आहे. त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाले, “दोन्हीकडून एकच रक्त आहे. त्या बाळातही हे असू शकतं. तुमच्या बहिणीला आजच कळवा. जन्मल्यावर तीन महिन्यांच्या आत मला दाखवा.” हा निरोप तुझा होता आणि मी तो चार महिने दाबून ठेवला. विसरले नव्हते. कार्ड आलं त्या दिवशी माझ्या मनात आलं, हिलाही उशिरा कळू दे, हिलाही चार वर्षं हाका मारत बसू दे. हे मी तुझ्या बाळासाठी मागितलं, वच्छी, त्याला अंगडं शिवत असताना. आता तो दोन महिन्यांचा झाला. पाणी लागलं की मोहर्लीचा रस्ता बंद होईल, म्हणून पत्र मिळताच निघ. दर सोमवारी ते डॉक्टर चांद्याला असतात. माझ्याशी बोलू नको, आमच्या घरी उतरू नको, मी तोंड दाखवायला येणार नाही. फक्त त्याला ने. आणि त्याला सगळं ऐकू येत असलं, तर एका ओळीचं कार्ड टाक. ते वाचून माझ्या पोटात पुन्हा दुखेल, हे मला माहीत आहे. तरी टाक.

तुझीच,
भागीरथाबाई