पांढऱ्या तारेखालचा रंग

रिव्हरटन, रविवार दुपार

प्रिय मॉयरा,

तिसऱ्यांदा लिहायला बसतो आहे. दोनदा उठून शेडचं दार लावून आलो, ते लावलेलंच होतं. दक्षिणेचा वारा सुटला आहे, आज कुणी होडी पाण्यात घातलेली नाही, त्यामुळे पळून जायलाही जागा नाही. आधीच सांगतो, आई बरी आहे, कुणी गेलेलं नाही. माझं पत्र पाहून तुला तेच वाटलं असेल. आठ वर्षांत नाताळच्या कार्डावर सही करण्यापलीकडे मी तुला काही लिहिलेलं नाही.

आपल्या बाबांची होडी गाडीमागून ओढून न्यायच्या ट्रेलरबद्दल लिहायचं आहे. घाबरू नकोस, आणि पत्र फाडूही नकोस. त्या संध्याकाळचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही. काढलंच तर तुझ्या नावासकट काढतात. धक्क्यावरून निघताना ट्रेलरचे दिवे लागत होते, खडीच्या रस्त्यावर ते विझले, मी उजवीकडे वळलो आणि मागून मोटारसायकलवर येणाऱ्या आर्ची पोलॉकला ना ब्रेकचा दिवा दिसला ना इंडिकेटर. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसाने विचारलं, ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी कुणाची? मी म्हटलं, माझ्या बहिणीची. खोटं नव्हतंच ते. पण त्या दोन शब्दांनंतर सगळं गाव म्हणायला लागलं, मॉयराने चांगलेच दिवे लावले. पोरीच्या हातात टेस्टर दिला की असंच व्हायचं, हेही म्हणाले. गाड्यांच्या वायरिंगच्या तुझ्या शिकाऊ उमेदवारीचं शेवटचं वर्ष होतं. चार महिने राहिले होते, आणि तू सगळं टाकून दूर नेल्सनच्या बागांत सफरचंदं भरायला निघून गेलीस. जाताना तू मला एकच विचारलंस, "ल्यूइस, मी नक्की कुठे चुकले?" मी म्हटलं, आता काय त्याचं.

माझी टेसा सोळा वर्षांची झाली. तुझ्यासारखीच उभी राहते, कमरेवर हात ठेवून. तिलाही गाड्यांच्या वायरिंगचंच शिकायचं आहे. मागच्या रविवारी आईकडे तिने हे सांगितलं. आई पावावर चीज लावत होती, सुरी न थांबवता म्हणाली, "आपल्या घरात हा उद्योग एकदा करून झालाय. तुझ्या आत्याला विचार काय मिळालं ते." टेसाने माझ्याकडे पाहिलं. मी चहात साखर घातली, मी साखर घेत नाही हे विसरून.

त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट आधी सांगायला हवी होती, पण माझा हात तिकडे वळत नाही. ट्रेलर वार्षिक तपासणीला न्यायचा होता आणि दिवे बिघडलेले. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू मिणमिणत, ब्रेक दाबला की मागचे दिवेच विझत. दरवर्षी हे काम मी एकटा करतो, शेडचं दार आतून लावून. यंदा खांदा दुखावला आहे, पाना फिरत नाही. मी बल्ब बदल म्हणालो, प्लगच्या पिना घास म्हणालो, वेळ काढत राहिलो. टेसा म्हणाली, "बाबा, सगळेच दिवे एकदम वेडे झाले की बल्बला कशाला शिव्या द्यायच्या? पांढरी तार बघू या, अर्थिंग." तुझं वाक्य आहे हे. तिला कुणी शिकवलं असेल? तू माझ्याशी बोलत नाहीस, पण तिच्याशी बोलतेस, हे मला तेव्हा कळलं.

तिने त्या तारेचा बोल्ट खोलला. मीठ खाऊन गंजला होता, तेवढाच यंदाचा बिघाड. पण गंज घासल्यावर तिला खाली रंग दिसला, आणि रंगात छिन्नीने खरवडलेलं नाण्याएवढं गोल. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हा रंग मला आठवतो. मी ब्रश धुतले होते. आत्याने जोडणी केली त्याच्यानंतर, अपघाताच्या आधीच्या शनिवारी. तू तार काढलीस, रंग दिलास आणि तार रंगावरच परत बसवलीस. मग हे खरवडलं कधी, बाबा?"

आता लिहूनच टाकतो. पोलिसांनी ट्रेलर परत दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी खरवडलं. तुझी चूक शोधायला बोल्ट खोलला होता मी. मी दिलेल्या रंगामुळे तार लोखंडाला टेकलेलीच नव्हती. धक्क्यावर दिवे लागले ते गाडीच्या हुकातून कसंबसं अर्थिंग मिळत होतं म्हणून, खडीच्या हादऱ्यांनी तेही गेलं. रंग खरवडला, तार बसवली, आणि सगळे दिवे लख्ख लागले. तू तेव्हा अजून गावातच होतीस मॉयरा. सामान बांधत होतीस. मी दिवे बंद केले आणि जेवायला गेलो.

रविवारी आईकडून परतताना टेसा म्हणाली, आजीला तू सांगतोस की मी सांगू? मी सोमवारी सांगितलं. आई भांडी पुसत राहिली, पुसलेलीच परत पुसली. मग म्हणाली, "मला काय सांगतोस, मेल्या. मी तर तुझंच ऐकून माझ्या पोरीला बोलत आले." बुधवारी आर्चीकडे गेलो. त्याने दारातच ऐकून घेतलं आणि दार लावलं. बरोबर केलं त्याने. पोलिसांकडेही लिहून दिलं आहे, त्याची नक्कल सोबत आहे. तुला कुणाला दाखवायची असेल तर दाखव.

माफी मागणार होतो, दोन कागद तेवढ्यासाठीच भरले होते. टेसाने ते फाडले. म्हणाली, "माफी मागितलीस की परत आत्यालाच काहीतरी द्यावं लागणार." म्हणून काही मागत नाही. तू विचारलं होतंस कुठे चुकले, त्याचं उत्तर फक्त द्यायचं होतं: कुठेच नाही. काल तपासणीला गेलो. नवा माणूस आहे, त्याला आपलं काही माहीत नाही. दिवे पाहिले, खाली वाकून तारा पाहिल्या आणि विचारलं, इतकी नीट जोडणी कुणाची? मी म्हटलं, माझ्या बहिणीची.

तुझाच, अजूनही म्हणू दिलंस तर,
ल्यूइस