मोराचा खोटा रुपया

आई, मोराचा रुपया तुला आठवत असेलच. न आठवायला काय झालं? त्याच्यापायी तू मला भर उन्हात पेरूची पाटी डोक्यावर देऊन दुसऱ्याच्या दारी नेलं होतंस.

राहात्याच्या एसटी स्टँडबाहेर तू पेरू विकायचीस. शिर्डीच्या गाड्या थांबत, लांबलांबचे लोक पेरू घेत आणि नाही नाही ती नाणी तुझ्या गोणपाटाखाली येत. तुला अक्षरओळख नव्हती. रुपया म्हणजे एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला कणसं, एवढंच तुला ठाऊक. कणसांच्या जागी मोर दिसला की तू बिथरायचीस. एकदा तर छपराखाली पत्त्यातला बदाम काढलेला रुपया आला. संध्याकाळी चुलीपुढे तू असं नाणं माझ्यापुढे धरायचीस, "बघ गं, खरं हाय का खोटं?" मी सातवीत होते. सरकार खास निमित्तानं अशी नाणी काढतं, हे आमच्या बाईंनी वर्गात सांगितलेलं आणि ती जमवायचं वेड मला लागलेलं. मी नाक मुरडून म्हणायचे, "खोटं हाय. दे, टाकून देते." आणि ते सरळ माझ्या कंपासपेटीत. लाज कसली, उलट मी स्वतःला फार हुशार समजत होते.

माझ्यावर विसंबून तूही शहाणी झालीस. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी, तोंडात दात नाही, मऊ पिकलेला पेरू दाबून बघून घ्यायची. तिनं एकदा मोराचा रुपया पुढे केला, तर तू तो चारचौघांत तिच्या पदरात परत टाकलास. "आजे, खोटा रुपया चालवायला मीच घावले व्हय?" म्हातारी खाली मान घालून निघून गेली. मी शेजारीच बसून पाटीतले पेरू रचत राहिले.

त्याच हिवाळ्यात शाळेच्या पडवीत बायकांचा साक्षरता वर्ग सुरू झाला. "आता काय पाटी धरायचं वय हाय का माझं," म्हणत म्हणत तू रोज गेलीस. आणि एका दुपारी माझ्या दप्तरातून कंपासपेटी पडते, उघडते. तू एक नाणं उचलतेस, पदरानं पुसतेस, सिंहाच्या बाजूनं डोळ्यांजवळ धरतेस. ओठ हलतात. "भा... र... त. रु... प... या." पुन्हा वाचतेस. तुझा चेहरा असा खुलतो की मला वाटतं, सुटले. मग दुसरं नाणं, तिसरं. "म्हंजे ह्ये समदे खरे हाईत," तू म्हणतेस आणि हसू मावळतं. "मला फसवलंस त्ये जाऊ दे. पन त्या म्हातारीला मी काय बोलले गं?"

म्हातारीच्या दारात तू पेरू ठेवलेस, मला पाया पडायला लावलंस, सगळं सांगितलंस. म्हातारी बोळक्या तोंडानं हसत सुटली. "अगं, मला बी तो खोटाच वाटला व्हता. म्हनून तर तुझ्याकडं आनला!" येताना तू रस्ताभर हसत होतीस. नाणी तू काढून घेतली नाहीस. पुढे वेगळं नाणं आलं की आधी मोठ्यानं वाचायचीस, मग मला द्यायचीस.

त्यानंतर तू एसटीच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, समोर येईल ते वाचत सुटलीस. गल्लीतल्या बायका त्यांच्या लेकींची पत्रं तुझ्याकडून वाचून घ्यायच्या. त्याचा मला केवढा अभिमान होता. मी नगरला शिकायला गेले, नोकरीला लागले आणि तुझ्या शेजारच्या दुकानात फोन करत राहिले. "येखादं पत्र टाक की गं," तू एकदा म्हणालीस. मी ते हसण्यावारी नेलं.

हे सगळं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलंय, तुला लागायचं तसं. टपालात टाकता येणार नाही, तू गेलीस तिथला पत्ता नाही. तू वाचायला शिकलीस, आई, आणि तुला लिहिलेलं माझं हे पहिलंच पत्र आहे.