जिनिव्हाचा नियम, कळंबची मंडळी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
हरणाबाई चर्चमधून प्रभुभोजनाची भाकर न घेता उठून गेल्या. मी उठवलं — हात न लावता.

पाळकसाहेब महिन्यातून एकदाच कळंबला येतात. आज भाकर मोडण्याआधी मला म्हणाले, "तू आपल्या सुधारित, प्रोटेस्टंट परंपरेचा इतिहास शिकतेस. दोन शब्द बोल." मी बोलले. सोळाव्या शतकात जिनिव्हात मंडळीचे वडीलधारे लोकांना बोलावून जाब विचारत, जुन्या, कॅथलिक पद्धतीनं प्रार्थना करणाऱ्या बायकांनासुद्धा. दोषी ठरेल त्याला प्रभूच्या मेजापासून दूर ठेवत. सालं बरोबर सांगितली. इथं थांबायला हवं होतं. पण मीच पुढं म्हणाले, "सोनारीच्या भैरवनाथाला जाऊन आलेल्यांनी आज विचार करावा."

नाव घेतलं नाही. गरजच नव्हती — सगळ्या माना वळल्या! हरणाबाईंनी पदर सावरला, बाहेर जाऊन पायरीवर चपलांशेजारी बसल्या.

त्या क्षणी मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

३ फेब्रुवारी
मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या रस्त्यावर मंडळीतल्या नागम्माकाकू भेटल्या. "पुढच्या टायमाला कुणाची पाळी गं?" हसत होत्या.

११ फेब्रुवारी
अभ्यासक्रमाचा सातवा धडा उघडला. प्रभुभोजनावरच आहे. ज्यांनी ती शिस्त लावली त्यांनीच शिकवलं — हे जेवण म्हणजे आजाऱ्याचं औषध, निर्दोष माणसाचं बक्षीस नव्हे.

मी सहावा संपवून चाचणी दिली, पैकीच्या पैकी मिळवले, आणि तेवढ्यावर लोकांपुढं उभी राहिले! मोंढ्यात मी वजनकाटे तपासते. रिकामा काटा शून्य दाखवतो का, हे बघितल्याशिवाय त्यावर पोतं ठेवू देत नाही.

१५ फेब्रुवारी
हरणाबाईंच्या घरी गेले. मांडीवर नात, समृद्धी. तिला फिट येतात. लेकीचं सासर हिंदू. भैरवनाथाचा नवस लेकीच्या सासूनं बोललेला.

"पोरगी माझ्या कडंवर. इहीणबाई म्हनल्या, वाका. वाकले. लेकीला नांदायचं हाय तिथं."

वाक्यं ठरवून गेले होते. "आजी, चूक झाली," एवढंच बाहेर पडलं.

"तुझी कशाची चूक? तू शिकलेली. पुस्तकात असंल तसं." वर चहा दिला, लई गोड.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवलाय — आपण त्या भाकरीच्या लायकीच्या नाही, असं खरंच मानून बसल्यात. मान वर करवली नाही.

१ मार्च
पाळकसाहेबांना फोन. "घरी जाऊन आलीस ना? पुरे."
नाही पुरे. उठवलं सगळ्यांसमोर, मग माफीही सगळ्यांसमोर.

२ मार्च, रविवार
बोलले. माफी मागितली, सातवा धडा पूर्ण सांगितला. पाळकसाहेबांनी भाकरीचं ताट हरणाबाईंपुढं धरलं. त्यांनी हात पदराखालून काढले नाहीत.

"आधी तिला आठवा धडा वाचू द्या," म्हणाल्या. "त्यात काय निघतंय बघू. मग घेते."