पहिल्या सोमवारचा भोंगा

वरसे, रोहा
४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिळाच्या वड्या दोन्ही पोचली. पत्र लगेच वाचलं. वड्या फोडायला मात्र बत्ता काढावा लागला. वहिनी असती तर पाक कुठे चुकला ते तिनं लांबून सांगितलं असतं. पुढच्या संक्रांतीला तू नुसतं गोड बोल, वड्या मी पाठवीन.

इकडे थंडी अजून आहे. परवा समोरच्या वैशालीच्या शेतात पोपटी लावली होती. ती लाल फाटकाच्या घरातली वैशाली, तुला आठवत असेल. मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा तिनं मला पानभर आणून दिल्या. भांबुर्डीच्या पाल्याचा वास अजून हाताला आहे.

भोंग्याचं विचारलंस म्हणून लिहिते, त्याची काळजी करू नकोस. कारखान्यात वायू सुटला तर गावाला कळावं, दारं-खिडक्या लावून फटींना ओली फडकी लावता यावीत म्हणून तो पाण्याच्या टाकीवर बसवलाय आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकरा वाजता वाजवून पाहतात. कालही नेहमीसारखा वाजला, असा कर्कश की शेवग्यावरचे कावळे उडाले. आमच्या आळीत त्याचा उपयोग कुकर लावायला होतो. भोंगा झाला की भात!

आणि फोन करत जाऊ नकोस, हे पुन्हा सांगते. दिवाळीपासून आपण पत्रं लिहायला लागलो, ती चाल मला फार आवडली आहे. फोनवर माणसं अर्धं बोलतात आणि उरलेला वेळ बरं बरं करतात.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, तो वड्यांइतका घट्ट नसला तरी चालेल.

तुझी,
वृंदा

पेण
१० फेब्रुवारी २०२५

चि. वृंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वड्यांचा अपमान मुकाट्यानं पदरात घेतला. लिहायचं आहे ते दुसरंच.

काल प्रविण आला होता. तुमच्या आळीतला, माझा जुना विद्यार्थी. हल्ली तुमच्याकडच्या एका कंपनीत शिफ्टला असतो आणि तुमच्या गावच्या सुरक्षा समितीतही आहे. चहा पिता पिता सहज म्हणाला, की सर, या महिन्यात भोंग्याची चाचणी झालीच नाय, उंदरांनी वायर खाल्ली, मोटर दुरुस्तीला पनवेलला गेली हाय. अर्ध्या आळीचा भात त्या दिवशी उशिरा झाला, असं सांगून तो हसत सुटला. मला हसता आलं नाही. तुझं पत्र माझ्या खिशातच होतं.

वृंदे, मग ते कावळे कशानं उडाले?

तो गेल्यावर मला एकेक आठवत गेलं. दिवाळीत तू अंगणात रांगोळी काढत होतीस, मी मागून दोनदा हाक मारली आणि तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, रुसलीस. निमिष सांगत होता, की आईला बंगळूरहून फोन लावला की ती रेंज नाही म्हणून ठेवून देते. आणि मग ही पत्रांची चाल. मी म्हातारा, खूश होऊन शाईचं पेन विकत आणलं!

मी रागावलेलो नाही, मला भीती वाटते. दुपारी खिडक्या सताड उघड्या टाकून तू आडवी झालेली असताना भोंगा खराखुरा वाजला तर काय करशील? तू पेणला ये. मागची खोली मी रिकामी करून घेतली आहे, सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. तू म्हणशील तेव्हा न्यायला येतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा

वरसे, रोहा
१७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. तो अजून उतरलेला नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

होय, ऐकू येत नाही. उजवा कान गेल्यातच जमा आहे आणि डाव्यात नुसती घूं घूं. यंत्र आणलं होतं. त्यात भांडं पडल्याचा आवाज कानठळ्या बसवतो आणि माणूस काय बोलतो ते कळत नाही. ते आता जायफळाच्या डबीशेजारी असतं.

पण भोंगा मला कळतो रे! वैशालीचा कुत्रा बाळ्या नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर बांधलेला असतो. भोंगा सुरू झाला की तो मान आभाळाकडे करून रडायला लागतो. पहिल्या सोमवारी मी त्याच्यावर नजर ठेवते आणि त्यानं मान वर केली की कुकर लावते. ही माझी युक्ती आजवर कुणाला कळलेली नाही. त्या सोमवारी मी गच्चीवर पोह्याचे पापड घालत होते, खाली पाहिलंच नाही आणि पत्र लिहिताना सवयीनं भोंगा वाजवून मोकळी झाले. कावळे मात्र खरे होते. ते पापडांवर आले होते, मीच हाकलले.

कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लगेच कुणाची तरी मागची खोली रिकामी होणार, हे मला ठाऊक होतं. हे गेल्यानंतर हे घर मी एकटीनं धरून ठेवलं आहे. पेणला चार दिवस पाहुणी म्हणून यायला मला फार आवडतं. कान गेलेली बहीण म्हणून आणून ठेवलेलं मला सोसणार नाही, दादा.

रागातही तुझीच,
वृंदा

पेण
२२ फेब्रुवारी २०२५

चि. वृंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावलीस ते वाचून बरं वाटलं. रागावणारं माणूस धडधाकट असतं, असं आई म्हणायची.

बाळ्याला माझा नमस्कार सांग. पण कुत्रा झोपतो, आजारी पडतो, मांजरामागे पळतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर तुला कसं सोडू? तेव्हा एक ठरवू या. मोटर दुरुस्त होऊन आली आहे, मार्चच्या पहिल्या सोमवारी चाचणी आहे असं प्रविण म्हणाला. त्याआधी तू आळीला सांगायचंस, तेही स्वतःच्या तोंडानं. एप्रिलच्या चाचणीपर्यंत तिथे काही व्यवस्था लागली तर मी पेणचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही लागली तर मुकाट्यानं बॅग भरायची. निमिषलाही मी तोवर काही कळवत नाही.

तुला कमी ऐकू येतं म्हणून तू काही कमी झाली नाहीस गं. हे मी आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं.

तुझा,
दादा

वरसे, रोहा
५ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं एकदाचं!

रविवारी समाजमंदिरात समितीची बैठक होती. मी उभी राहिले. म्हटलं, मला ऐकू येत नाही, भोंगाही नाही. तर कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य दिसेना. मला वाटलं, मीच हळू बोलले की काय. मग मंगळी उठली. माझ्याकडे धुण्याभांड्याला येते ना, नदीकाठच्या वाडीतली, ती. ओठ दिसतील अशी माझ्या पुढ्यात येऊन म्हणाली, की बाय, ह्ये आमाला कवाच ठावं हाय, म्हनून तर मी मागल्या दारानं येत नाय, तुमी दचकाल म्हनून. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. मी गुपित म्हणून छातीशी धरलं होतं ते सगळ्या आळीला माहीत होतं. कुणी एका शब्दानं दुखवलं नाही मला, दादा.

आता सोमवारचा तमाशा ऐक. बाळ्यानं मान वर केली. मी वळते तोच अख्खी आळी माझ्या दारात! वैशाली ओला टॉवेल घेऊन, मंगळी राखेच्या हातांनी, प्रविणची आईसुद्धा धापा टाकत. एकीनं लावलेली खिडकी दुसरी उघडून पुन्हा लावत होती. वैशालीचं दूध उतू गेलं, दोन घरांत गॅस तसाच चालू राहिला. सगळ्यांनी मिळून मला एकटीला वाचवलं.

आणि शेजारच्या कृष्णाबाईंना सगळे विसरले. खुब्याच्या दुखण्यानं त्या वर्षभर खाटेवर आहेत. त्यांची खाट खिडकीशी आहे आणि घोळक्यातून फक्त मला दिसलं, की त्या गजांवर काठी आपटताहेत. मी गर्दीतून वाट काढत धावले. घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं. त्या माझ्यावर तोंड सोडून ओरडत होत्या. मेल्यांनो, माज्या खिडक्या कोन लावील गो, असं काहीतरी, ते मला मागाहून कळलं. मला ऐकू येत नसल्यामुळे आमचं छान जमलं.

संध्याकाळी समितीनं ठरवलं, की माझ्या दाराकडे वैशालीनं पाहायचं, मी कृष्णाबाईंच्या खिडक्या लावायच्या आणि बाकीच्यांनी आधी आपापला गॅस बंद करायचा. किती वर्षांनी कुणी मला एखादं काम नेमून दिलं! मी पेणला आले तर त्या खिडक्या कोण लावणार, तेवढं उलट टपाली कळव.

लोभ ठेव, आणि हट्ट सोड.

तुझी,
वृंदा

पेण
९ एप्रिल २०२५

चि. वृंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी कबूल कर, की रागावणार नाहीस. परवा सोमवारी मी रोह्याला आलो होतो.

सकाळच्या गाडीनं आलो. हातात रिकामी बॅग होती, तुझे कपडे भरायला. कागदावरची व्यवस्था मला पुरेशी वाटत नव्हती, डोळ्यांनी पाहायची होती. वैशालीच्या ओसरीवर खांबाआड बसलो आणि तिला गप्प राहायची शपथ घातली.

भोंगा सुरू झाला. बापरे, काय तो आवाज! बाळ्यानं गळा काढला आणि पदर खोचून तू जी बाहेर पडलीस, ती थेट कृष्णाबाईंच्या घरात. एकेक खिडकी धाडधाड लावत गेलीस. तोवर वैशाली तुझ्या घराची दारं लावून तुझ्या पाठोपाठ तिकडे पोचली होती. लहानपणी तू शर्यतीत मला मागे टाकायचीस, तेव्हाचा तुझा चेहरा मला दिसला. त्या बाईला पेणला नेऊन मी उन्हात बसवणार होतो.

आता एक सांगतो, वैशालीनं नको म्हटलं होतं तरी. बाळ्याची जागा मुळात मागच्या फणसाखाली होती. दोन वर्षांपूर्वी तिनं खुंटी उपटून पुढे आणून ठोकली, कारण काकूंची नजर खिडकीतून तिथेच पडते, म्हणाली. बाळ्या कधी झोपलेला असला तर भोंगा होताच ती त्याला पायानं ढोसून उठवते. तुला वाटतं, तू बाळ्यावर नजर ठेवतेस. अगं वेडे, ती आळी तुझ्यावर नजर ठेवून आहे.

बॅग रिकामीच परत आणली. तुला न भेटता निघालो, कारण तुझ्यासमोर रडलो असतो. खरं सांगू का? मागची खोली तुझ्या कानांसाठी थोडी आणि माझ्यासाठीच जास्त रिकामी केली होती. तुझी वहिनी गेल्यापासून या घरात हाक मारायला माणूस नाही. तुला ऐकू आलं नसतं, तरी मी हाका मारल्या असत्या.

ठरल्याप्रमाणे पेणचं नाव पुन्हा काढणार नाही. पत्रं मात्र थांबवू नकोस.

तुझा,
दादा

वरसे, रोहा
१४ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रोह्याला येऊन उपाशी परत गेलास, हे मी जन्मात विसरणार नाही.

मला ऐकू येत नाही, पण दिसतं चांगलं. सोमवारी बाळ्यानं दोनदा मान वर केली. दुसऱ्यांदा भोंग्यासाठी. त्याआधी एकदा ओसरीकडे, शेपटी हलवत. त्या खांबाआडून बाबांच्या छत्रीची लाकडी मूठ बाहेर आली होती. उन्हाळ्यात ती छत्री घेऊन फिरणारा माणूस मला एकच माहीत आहे. कृष्णाबाईंच्या खिडक्या मी मुद्दाम धाडधाड लावल्या, तुला नीट दिसावं म्हणून.

मग घरी आले आणि दोन पानं घेतली. वालाचं बिरडं होतं, पापड तळले. तू येशील म्हणून बसून राहिले. मग वाटलं, तू बाहेर कडी वाजवत असशील आणि मला कळत नसेल, म्हणून पुन्हा पुन्हा उठून दार उघडून पाहिलं. दुपार कलली तेव्हा तुझं पान झाकून ठेवलं.

खुंटीचं वाचून पुष्कळ वेळ खिडकीशी उभी होते. वैशालीला सांगू नकोस मला कळल्याचं. मी आपली युक्ती माझीच असल्यासारखी वागते, तिलाही बरं वाटत असेल.

आता मेच्या पहिल्या सोमवारी ये. येताना बॅग रिकामी आणू नकोस, तुझे कपडे भरून आण, निदान आंबे संपेपर्यंत पुरतील एवढे. प्रविणच्या समितीला मी सांगून ठेवलं आहे, की माझ्या घरात आता एक ऐकू येणारा माणूस राहायला येतोय, त्यालाही काही काम नेमा.

भोंगा झाला की दार उघडंच ठेवीन. कडी वाजवू नकोस. सरळ आत ये, माझ्यासमोर उभा राहा, आणि मग मार हव्या तेवढ्या हाका.

वाट पाहणारी,
वृंदा