नऊ हात रुंद रेघ

मी, आकाराम सयाजी शिंगटे, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सातारा, पूर्वीचा धंदा मोजणी खात्यात नकाशे उतरवण्याचा, हल्ली घरी बसून असतो, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहवून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही आणि बायकोने शिकवलेले नाही; उलट ती म्हणते, एवढे सगळे कागदावर कशाला हवे. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून तोंड वाकडे केले, म्हणून हे काम उरकून घेतो.

माझा हात कापतो. त्यामुळे अक्षर माझे नाही, माझी सून राहीबाई हिचे आहे. ती या कागदाने वारसही होते, तेव्हा एखादा वकील नाक मुरडेल. त्याने आधी अक्षर पाहावे आणि मग बोलावे.

कलम पहिले. आष्ट्याचे राहते घर परड्यासह माझी पत्नी चंद्राबाई हिचे, ती आहे तोवर. तिच्यामागे ते चिरंजीव नानासोचे. ओढ्याकडचा दीड एकर मळा माझ्यामागे लगेच नानासोचा. पोस्टातली शिल्लक चंद्राबाईची. तिने ती कोणालाही, विशेषतः स्वतःच्या भावांना, विचारून खर्च करू नये.

कलम दुसरे. माझे टाक. हे नानासोला मिळणार नाहीत. तो पलटणीत कारकून आहे आणि त्याने मला मोठ्या कौतुकाने झरणी, म्हणजे फाउंटन पेन, आणून दिली. झरणीने सही होते, नकाशा होत नाही. पत्र्याच्या डबीत अकरा जाड निबा, सात मध्यम आणि तीन अगदी बारीक आहेत, त्या टाकांसकट सर्व राहीबाईच्या. लढाईच्या दिवसांत विलायती निबा मिळेनाशा झाल्या, तेव्हा पाचगणीच्या एका शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी गुळाच्या दोन ढेपा घेऊन डबीभर निबा माझ्यापुढे ओतल्या आणि म्हणाले, हव्या त्या तीन निवडा. मी अर्धा दिवस निवडत बसलो. तेव्हा नव्यानेच घरात आलेली ही मुलगी माझ्यासोबत होती. तिने शांतपणे तीन उचलल्या. त्याच तीन मी शेवटी घेतल्या. तेव्हापासून मी तिला शिकवत आलो.

ती विसरणार नाही, पण तिच्यामागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. नव्या निबेला तेल लावलेले असते, ते जिभेवर पुसावे, नाहीतर शाई धरत नाही. मग टोक अंगठ्याच्या नखावर टेकून हलके दाबावे. दोन्ही पाय सारखे उघडले पाहिजेत. एक उघडला आणि दुसरा रुसला, तर ती निब हिशेबाच्या वहीला द्यावी. मग कागदावर ओढून कान द्यावा. चांगली निब बोलत नाही. कुरकुरली की समजावे, आज ना उद्या ती कागद फाडणार. आणि बारीक निब दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नये, कारण तिला एका हाताचे वळण लागते.

कलम तिसरे. माझे साडू दादासो यांनी सन एकोणीसशे एकवीस साली माझी बारीक निब न विचारता घेऊन पायातला बाभळीचा काटा काढला आणि परत ठेवताना पुसलीही नाही. त्यांना माझा पितळी चिमटा द्यावा. आता तरी काटे चिमट्याने काढावेत.

कलम चौथे. चंद्राबाईच्या कुंकवाच्या करंड्यात तांदळाचा एक दाणा आहे. तो तिचाच आहे, पण पुढच्या कलमात त्याचे काम पडते, म्हणून सांगतो. सन एकोणीसशे बारा साली आमचे लग्न ठरले, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला माझ्या हाताचा फार गर्व होता. अक्षतेच्या एका दाण्यावर मी तिचे नाव लिहिले आणि लग्नात तो तिच्या ओंजळीत टाकला. तिने चौतीस वर्षे जपला. गावात आजही लोक तो दाणा पाहायला येतात. तो ज्या निबेने लिहिला, ती कचेरीची होती. दाण्याच्या कडेला अडकून तिचा एक पाय वाकला, हे मात्र मी कोणाला सांगितले नाही.

कलम पाचवे. हे कलम लिहवण्यासाठीच बाकीचा कागद आहे.

कचेरीत महिन्याला एकच बारीक निब मिळे आणि जुनी दाखवल्याशिवाय नवी मिळत नसे. वाकलेली दाखवली असती, तर कशाने वाकली हे विचारले असते. निब वाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे तासगाव तालुक्यातल्या बेंदवाडीचा नकाशा आला. जमदाड्यांच्या दोन भावांची वाटणी झाली होती, त्यांच्यातला बांध शाईने पक्का करायचा होता. खाली पेन्सिलीची रेघ स्वच्छ होती. मी तिच्यावर जाड निब ओढली. शाई दोन्ही बाजूंना सारखी पसरली. वाळल्यावर रेघ किती फुगली ते पाहिले, तरी नकाशा वरिष्ठांच्या हवाली केला.

आमच्या नकाशात एका इंचात वीस साखळ्या बसतात आणि साखळी तेहतीस फुटांची. बारीक निबेची रेघ जमिनीवर दोन हात रुंद होते. माझी रेघ झाली नऊ हात. बांध दहा साखळ्या लांब, म्हणजे चार गुंठे जमीन माझ्या शाईखाली गेली. त्या दोन भावांची मुले, नाथाजी आणि कृष्णात, आज पन्नाशीला आली आहेत. नाथाजी रेघेच्या एका काठापासून मोजतो, कृष्णात दुसऱ्या काठापासून. दोघेही म्हणतात मधली पट्टी माझी, आणि नकाशा दोघांच्याही बाजूने बोलतो. पट्टी पडीक आहे. दावा तासगावच्या कोर्टात आहे. गेल्या वर्षी दोघांच्या मारामारीत कुऱ्हाडीच्या दांड्याने नाथाजीचे डावे मनगट मोडले. मी आधी नोकरीच्या भीतीने गप्प होतो, मग पेन्शनच्या, आणि त्यानंतर नुसत्या लाजेने. खरा बांध त्या जाड रेघेच्या बरोबर मधोमध आहे. हे माझ्यामागे दोघांना वाचून दाखवावे.

इथवर काल लिहून झाले. राहीबाईने टाक खाली ठेवला आणि म्हणाली, "मामंजी, तुमी गेल्यावर त्येंनी कुनाला इचारायचं?" मी म्हणालो, कागद आहे. ती म्हणाली, "कागदानंच तर भांडान लावलंय." मला राग आला. मग राग राहिला नाही, कारण तिचे खरे होते. दोघांना वेगवेगळा निरोप धाडला, मृत्युपत्राला साक्षीदार हवा, या.

आज सकाळी दोघे आले, एकमेकांना पाहून थबकले आणि सोप्याच्या दोन टोकांना बसले. राहीबाईने पाचवे कलम वाचले. नाथाजी मनगट चोळत बसला होता.

"मंजी माजी मोजनी खरी हुती?" त्याने विचारले.

"खरी होती."

"आन माजी?" कृष्णात म्हणाला.

"तुझीही. खोटी होती माझी रेघ."

कृष्णात उठला आणि पायताण घालू लागला. "आवं तात्या, माजा बा गेला तवा ह्यो खांदा द्याला आला न्हाई. ह्येच्या पोरीच्या लग्नाला मी गेलो न्हाई. आन तुमी आत्ता सांगताय व्हय?"

मी म्हणालो, चुकलो. एवढा लहान शब्द चौतीस वर्षे का निघाला नाही, ते मलाही कळत नाही.

तेवढ्यात चंद्राबाई आतून आली. निब कशाने वाकली, हे तिलाही काल भिंतीआडूनच कळले होते. तळहातावर तो दाणा होता. ती म्हणाली, "बाबांनो, माज्या नावापायी झालं ह्ये. रागवायचं आसंल तर मलाबी रागवा."

म्हाताऱ्या बाईपुढून तोंड फिरवून जाणे कृष्णातला जमले नाही. तो वाकून पाहू लागला, पण नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही. मी माझे भिंग पुढे केले. ते नाथाजीने घेतले, कारण तो जवळ होता, आणि दाण्यावर धरले. भिंग रुपयाएवढेच आहे. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

"दिसतंय का रं?" नाथाजी म्हणाला.

"लय बारीक हाय." कृष्णात बराच वेळ पाहत राहिला. "भिंग हालवू नगंस गड्या." मग तो पायताणासकट तिथेच, नाथाजीशेजारी बसला.

जेवणाआधी राहीबाईने माझ्याजवळच्या त्या नकाशाच्या नकलेवर जाड रेघेच्या मधोमध लाल शाईने बारीक रेघ ओढली. आखणीच्या पट्टीचे एक टोक नाथाजीने दाबले, दुसरे कृष्णातने. निब अजिबात बोलली नाही. ही नक्कल आणि माझा जबाब सोमवारी दोघे मिळून कोर्टात देतील, दाव्यात तडजोड लिहून देतील आणि बांधावरची पडीक पट्टी दोघेही आपापल्या बाजूने नांगरतील. माझ्यासमोर तसे ठरले आहे. मी आज दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपलो. छाती डॉक्टर म्हणतात तशीच असेल, पण तिच्यावरचा धोंडा गेला. आता केव्हाही बोलावणे आले तरी माझी तक्रार नाही.

कलम सहावे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा कायदा आहे. म्हणून नाथाजी आणि कृष्णात यांना मी काहीही ठेवत नाही. त्यांचे जे होते ते त्यांना पोचले.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, बरोबर आहे. सही कापऱ्या हाताने, पण माझ्याच.

आकाराम सयाजी शिंगटे

मुक्काम आष्टा, तारीख ८ डिसेंबर १९४६, रविवार.

आमच्यासमोर सही केली, आम्ही साक्षीदार:

नाथाजी जमदाडे, बेंदवाडी. कृष्णात जमदाडे, बेंदवाडी.

हस्ताक्षर राहीबाई नानासो शिंगटे. दोन साक्षीदारांच्या सह्यांमध्ये उभी रेघ मारण्याची रीत आहे. मी टाक बुडवला होता, परंतु दोघांच्या सांगण्यावरून रेघ मारलेली नाही.