कडेचा खांब

शनिवार, संध्याकाळ, हॉटेलवर

मुलींच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची नॅशनल फायनल, स्कोअर बरोबरीत आणि शेवटची किक आमच्या ईराची! एरवी बघवत नाही म्हणून मॅचभर मी गाडीतच बसते. आज बसले नाही, आणि बॉल मधले दोन खांब सोडून कडेच्या खांबाच्या जेमतेम आतून गेला. हुकलं! रडतच धावले, तिला कुशीत घेतलं. "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी."

"आई, व्हाय आर यू क्रायिंग? कडेनं गेला तरी वन पॉइंट मिळतो. वी वन!"

मग आणखीच रडले. वेडीच आहे का मी?

उद्या निघण्याआधी त्या कडेच्या खांबाला नमस्कार करून येणार. हसेनात का लोक.