उलटी घासाघीस

१२ जानेवारी

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस, आम्ही धड आहोत. फोन मीच बंद करून डब्यात टाकलाय. वॉशिंग मशीनचे शेवटचे तीन हप्ते ढमीच्या वेळच्या माझ्या बाळंतपणात राहिले, त्याचे वसुलीवाले दिवसातून पाच-पाच वेळा फोन करायचे. एकाने तर पोलिसांचं नाव काढलं. ढमीचे बाबा बोटीवर, लवकर यायचे नाहीत. दारावर थाप पडली की मी पोरीला घेऊन बाथरूममध्ये जाऊन उभी राहते. परवा तासभर उभी होते, आणि आली होती दूधवाली.

आता खरं दुखणं ऐक. मी जिथे इस्त्री करते त्या लाँड्रीवाल्या काकू ऑगस्टअखेर धंदा बंद करतायत. वाफेची मोठी इस्त्री मलाच देईन म्हणाल्या, पण पैसे एकरकमी. बँकेतल्या बाईंनी कॉम्प्युटरात बघून माझा स्कोअर पाचशे एकोणनव्वद सांगितला. मी खूश झाले, शाळेत कधी पस्तीसच्या वर गेले नव्हते. तर म्हणे कमी आहे, कर्ज मिळणार नाही. इस्त्री दुसऱ्याने नेली तर माझं कामही जाईल गं. काय करू ते कळव.

तुझी,
धाकटी

१९ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसू का रडू कळेना. मी बँकेत नुसत्या फायली लावते, पण चहाच्या वेळी आमच्या कर्जवाल्या साहेबांना विचारलं. हप्ते थकले म्हणून कुणी पोलीस आणत नाही, धमकावलं तर उलट आपणच तक्रार करायची, असं म्हणाले. तेव्हा बाथरूममधून बाहेर ये. ढमीला सर्दी होईल.

घेतलेले पैसे माणूस वेळेवर परत देतो का, त्याचे ते मार्क. ते वाढवता येतात. आधी त्या हप्तेवाल्या कंपनीत जाऊन थकलेलं भर नि पावती मला पाठव. मग बँकेत थोडी ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घे. महिन्याचं दूध-साबण त्याच्यावर आण आणि तारखेच्या आत सगळं फेड. दहा ठिकाणी कर्ज मागत फिरू नकोस, त्यानेही मार्क जातात. आणि रडू नकोस, रडलीस की तुझं नाक टोमॅटोसारखं होतं.

ढमीला पापा.
तुझी ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

इस्त्रीसाठी साठवलेले पैसे घेऊन गेले, आणि तुझी बहीण लढाई जिंकून आली. कंपनीतला चष्मेवाला क्लार्क दंड धरून सात हजार सहाशे म्हणाला. मी म्हटलं, तीन हजार. तो हसला. तेवढ्यात ढमीने त्याचं शिक्क्याचं पॅड ओढलं नि टेबलावरचे कागद निळे केले. मी काही उठेना. शेवटी तो आत विचारून आला आणि चार हजारांवर मिटवलं. छत्तीसशे वाचवले, ताई. भाजीवालीकडे पाच रुपये तोडताना माझा घसा बसतो. पावती सोबत पाठवतेय. उरलेल्यात ढमीला बूट घेऊ ना?

मला शाबासकी देणारं पत्र लवकर टाक.
धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद आहेतच, पण आधी ऐक.

बूट घेऊ नकोस. पावती बघून साहेबांनी कपाळाला हात लावला. तिच्यावर तडजोड असं लिहिलंय. म्हणजे पुढची कुठलीही बँक वाचणार की हिने पूर्ण दिले नाहीत. वांगी घ्यायला गेली होतीस का? राहिलेले भर आणि खातं पूर्ण फेडून बंद झाल्याचा दाखला घेऊनच ये. चूक माझीही आहे. तुला घासाघीस करू नकोस म्हणून सांगायला हवं होतं, लहानपणापासून ओळखते की मी तुला.

रागावले नाही.
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

गेले बाई. ढमीला बघताच क्लार्कने पॅड खणात टाकलं. त्याला वाटलं, मी चार हजार परत मागायला आले. पैसे पुढे केले तर घेईना, खातं मिटलं म्हणाला. मी हटेना तेव्हा म्हणाला, बरं, हप्त्यांचे उरलेले पाचशे द्या, दंड राहू द्या. विचारलं, मग दाखल्यावर पूर्ण फेडलं असं येईल का? तर नाही. ताई, मी छत्तीसशे पुन्हा एकदा मोजले. मग म्हटलं, "सगळे घ्या, दंडासकट."

त्याने बाजूच्या टेबलांवरच्या लोकांना हाक मारून मला दाखवलं. जास्त पैसे द्यायला भांडणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली म्हणे. दाखला मिळाला. ठेवीचं कार्डही मिळालंय, पण साबणाला म्हणून ते बाहेर काढते नि परत पिशवीत ठेवते.

लोभ वाढव, मला त्याची गरज आहे.
धाकटी

३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

स्कोअर सातशे चौदा! बँकेतल्या बाईंनी दोनदा वाचून दाखवला, कारण मी दोनदा विचारला. कर्ज झालं आणि इस्त्री घरात आली. दारातून जाईना म्हणून चौकट काढावी लागली; काकू स्वतः हातपंखा घेऊन बसल्या होत्या आणि हमालांना माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होत्या. ढमी त्या वाफेच्या फुसफुसण्याला खुदकन हसते. हॉटेलच्या चाळीस चादरी पहिल्याच दिवशी आल्या.

पहिला हप्ता पाच तारखेला आहे. मी कालच भरून आले. बाई म्हणाल्या, अजून तीन दिवस होते की तुमच्या हातात. म्हटलं, होते ना, ते मला निवांत झोपायला हवेत.

असाच जीव लाव,
तुझी धाकटी